सोन्याच्या नाण्यावर चेहरा कोणाचा, घाम कोणाचा?

"भारतात एकेकाळी सोन्याचा धूर निघत होता" हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. आता ते मोबाईलवर फिरते. काटोल-नरखेडच्या तरुणांच्या ग्रुपवरसुद्धा अधूनमधून रोमन सम्राटाच्या सोन्याच्या नाण्याचा फोटो येतो आणि खाली लिहिलेले असते : 'रोमचे सोने आपल्याकडे वाहत येत होते, आपण विश्वगुरू होतो.' पुढचे वाक्य लिहिलेले नसते, पण ते सूचित असते. तेव्हा सगळे सुखी होते, जो तो आपापल्या जागी समाधानी होता, नंतर परके आले आणि सगळे बिघडले.

यातला पहिला भाग खोटा नाही. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात तक्रार करून ठेवली आहे की भारत दरवर्षी रोमन साम्राज्याकडून ५ कोटी सेस्टर्स खेचून घेतो. त्या काळी १०० सेस्टर्सचे एक सोन्याचे नाणे होत असे. त्या नाण्याला ऑरियस म्हणत. म्हणजे हिशेबाने ५ लाख ऑरियस, वजनात साडेतीन टनांहून अधिक सोने. सगळी रक्कम नाण्यांतच येत असे असे नाही, आणि प्लिनीच्या आकड्यात उच्चवर्णीय रोमन माणसाची चिडचिडही मिसळलेली आहे. तरीही व्यापार मोठा होता, सोने येत होते, हे जमिनीतून निघालेल्या नाण्यांनी सिद्ध केले आहे.

प्रश्न दुसऱ्या भागाचा आहे. आले ते सोने कोणाच्या घरात गेले? ज्याच्या घरात गेले त्याने त्याचे काय केले? ते मुळात खणून कोणी काढले? इतिहास म्हणजे राजांच्या वैभवाची यादी नव्हे, ही दृष्टी बाबासाहेबांनी आपल्याला दिली. म्हणून या नाण्याला आपण तीन प्रश्न विचारू. त्यावर चेहरा कोणाचा? त्यावर पराभव कोणाचा? आणि त्यात घाम कोणाचा?

चेहरा : खिशातला देव

रोममध्ये शेकडो वर्षे नाण्यावर जिवंत माणसाचा चेहरा नसे. तिथे राजा नव्हता, प्रजासत्ताक होते. अर्थात ते जमीनदार सरदारांचे प्रजासत्ताक होते. नाण्यावर देवता असत, पूर्वज असत. इ.स.पूर्व ४४ मध्ये ज्युलियस सीझरने ही रीत मोडली. रोमच्या टांकसाळीत जिवंत रोमन माणसाचा चेहरा नाण्यावर उमटला, आणि त्याच वर्षी सीझरचा खून झाला. प्रजासत्ताक मात्र वाचले नाही.

त्याचा दत्तक पुत्र ऑगस्टस हा पहिला सम्राट. त्याच्या सोन्याचांदीच्या नाण्यांवर एक बिरुद कायम दिसते, त्याचा अर्थ 'देवाचा पुत्र' असा होतो. मेलेल्या सीझरला आधी देव ठरवले गेले आणि मग त्याचा वारस आपोआप देवाचा मुलगा झाला. पुढे कित्येक सम्राट मेल्यावर सिनेट त्यांना देव ठरवी आणि नाण्यावर त्यांना स्वर्गात नेणारा गरुड काढला जाई. सम्राज्ञीसाठी मोर. ज्या समाजात वाचता येणारे थोडे होते, वर्तमानपत्र नव्हते, तिथे साम्राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राजाचा चेहरा हातोहात पोचवणारे मोठे साधन होते, ते म्हणजे नाणे. सैनिकाच्या हातात पगार पडला की देवाचा पुत्र त्याच्या खिशात येऊन बसे.

हे केवळ चित्र नव्हते, त्यामागे कायद्याची दहशत होती. सुएटोनियस हा रोमन चरित्रकार लिहितो की टायबेरियसच्या राजवटीत ऑगस्टसची मुद्रा असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन शौचालयात अथवा वेश्यागृहात जाणे हाही देहदंडाचा गुन्हा मानला जाऊ लागला. धातूच्या तुकड्याची विटंबना झाली म्हणून जिवंत माणसाचा जीव घ्यायचा! आपल्याला हे नवे नाही. दगडाच्या मूर्तीला सावली पडली म्हणून माणसाला विटाळ ठरवणारा समाज आपण पाहिला आहे. निर्जीव वस्तूला पवित्र ठरवले की तिच्या आडून जिवंत माणसाला चिरडता येते. पावित्र्याचे हे राजकारण रोममध्येही चालत होते आणि इथेही.

पराभव : खजुराच्या झाडाखाली रडणारी बाई

आता नाणे उलटून पाहा. पुढच्या बाजूला देवाचा पुत्र आणि मागच्या बाजूला त्याने जिंकलेली माणसे. इजिप्त जिंकल्यावर ऑगस्टसने नाण्यावर मगर काढली आणि 'इजिप्त जिंकला' असे कोरले. एक आख्खा देश, हजारो वर्षांची संस्कृती, आणि तिची ओळख काय तर एक जनावर.

इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेम उद्ध्वस्त केले, ज्यूंचे मंदिर जाळले. सम्राट व्हेस्पासियनच्या नाण्यांवर त्या विजयाची जाहिरात आहे. जमिनीवर बसून, हातावर डोके टेकून शोक करणारी एक स्त्री. शेजारी कुठे खजुराचे झाड, कुठे जिंकलेल्या शस्त्रांचा खांब. खाली तिच्या देशाचे नाव. हे चित्र सोन्याच्या ऑरियसवर आहे, चांदीच्या नाण्यावर आहे, तांब्याच्याही आहे. म्हणजे श्रीमंतापासून गरिबापर्यंत प्रत्येकाच्या हातात हा संदेश गेला : जो डोके वर काढेल, त्याच्या देशाची बाई अशी जमिनीवर बसलेली दिसेल. जित समाजाचा अपमान त्याच्या स्त्रीच्या देहावर लिहायचा, ही रीत खैरलांजी पाहिलेल्या आपल्या पिढीला समजावून सांगावी लागत नाही.

पण पराभूतांनीही उत्तर दिले. इ.स. १३२ मध्ये ज्यूंनी बार कोखबाच्या नेतृत्वाखाली पुन्हा बंड केले. त्यांच्याकडे धातूची खाण नव्हती, वेगळी चांदी नव्हती. त्यांनी रोमन नाणीच गोळा केली आणि सम्राटाच्या चेहऱ्यावर आपला ठसा मारला. एका बाजूला जाळले गेलेले मंदिर, दुसऱ्या बाजूला स्वातंत्र्याची घोषणा. आजही काही नाण्यांवर त्या ठशाखालून सम्राटाच्या चेहऱ्याची पुसट रेघ दिसते. बंड तीन-साडेतीन वर्षांत चिरडले गेले. पण रडणाऱ्या बाईचे चित्र हे इतिहासाचे शेवटचे वाक्य नाही, एवढे त्या नाण्यांनी नोंदवून ठेवले.

आणखी एक नाणे आपल्या कामाचे आहे. सीझरचा खून करणाऱ्या ब्रुटसने इ.स.पूर्व ४३-४२ च्या सुमारास एक नाणे पाडले. त्यावर दोन खंजीर आहेत आणि मध्ये एक गोल टोपी. ही टोपी कोणाची? रोममध्ये गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर जी टोपी घालत, ती ही. म्हणजे गुलामाच्या मुक्तीचे चिन्ह आपल्या नाण्यावर कोणी घेतले, तर ज्या वर्गाच्या घरात आणि शेतावर गुलाम राबत होते त्या वर्गाने. गुलामांना त्यातून काय मिळाले? काही नाही. सरदारांचे सरदारांशी भांडण होते, टोपी तेवढी गुलामाची वापरली. निवडणूक आली की निळा गमछा गळ्यात घालून चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर फोटो काढणारे पुढारी आठवतात की नाही? आपले चिन्ह दुसऱ्याच्या नाण्यावर दिसले म्हणून हुरळून जायचे नसते. टांकसाळ कोणाच्या ताब्यात आहे ते पाहायचे असते.

घाम : ज्यांना महिनोन् महिने सूर्य दिसला नाही

सोने आभाळातून पडत नाही. रोमचे सोने मोठ्या प्रमाणात आजच्या स्पेनमधून आणि पुढे डेशियातून म्हणजे आजच्या रुमानियातून येत होते. डेशिया सम्राट ट्राजनने इ.स. १०६ मध्ये जिंकला आणि तिथल्या खाणी साम्राज्याला जोडल्या. स्पेनच्या खाणींचे वर्णन त्याच प्लिनीने केले आहे. मजूर दिव्याच्या उजेडात डोंगराच्या पोटात भुयारे खोदत, पाळ्या दिव्यांच्या हिशेबाने बदलत, आणि कित्येक महिने त्यांना दिवसाचा उजेड दिसत नसे. भुयारे अचानक कोसळत आणि माणसे गाडली जात. रोमन साम्राज्यात खाणकामाला गुलाम आणि शिक्षा झालेले कैदीही जुंपले जात. 'खाणीवर पाठवणे' ही कायद्यातली अधिकृत शिक्षाच होती.

ऑगस्टसच्या काळात साध्या पायदळ सैनिकाचा वर्षाचा पगार २२५ डिनॅरियस होता. २५ डिनॅरियसचे एक ऑरियस. म्हणजे देश जिंकून देणाऱ्या सैनिकाला वर्षाला ९ सोन्याची नाणी. खाणीतल्या गुलामाला शून्य. आणि त्या नाण्यावर चेहरा सम्राटाचा! गटारात उतरणाऱ्या माणसाचे नाव स्वच्छता अभियानाच्या फलकावर कधी दिसते का? नाण्याचे आणि फलकाचे शास्त्र एकच आहे.

दख्खनमध्ये आल्यावर त्या चेहऱ्याचे काय झाले?

हे सोने आपल्याकडे येताना काय घडले, ते आता पाहू. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतल्या व्यापारी वहीत आपला भाग स्पष्ट दिसतो. भडोच बंदरात रोमन सोन्याचांदीची नाणी स्थानिक चलनाशी बदलली की नफा होतो, असे त्यात नोंदवले आहे. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून दहा दिवस पूर्वेला तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून भरपूर कापड भडोचकडे गाड्यांवर, वाटा नसलेल्या मुलखातून जात असे. कापूस पिकवणारा, सूत काढणारा, विणणारा, गाडी हाकणारा, हे सगळे इथले श्रमिक. त्या कापडाची बाजारपेठ मात्र समुद्रापलीकडे होती. विदर्भातल्या कास्तकाराला हे चित्र दोन हजार वर्षांनी जुने वाटणार नाही.

रोमन सोन्याचे मोठे साठे महाराष्ट्रापेक्षा दक्षिणेत जास्त सापडले. केरळात वळ्ळुवळ्ळी येथे १९८३ मध्ये २५२ ऑरियस मिळाले. तमिळनाडूत पुदुकोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ ऑरियस मिळाले, आणि या साठ्यात एक विलक्षण गोष्ट दिसली. बहुतेक नाण्यांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव घातलेला आहे. रोममध्ये ज्या चेहऱ्याचा अपमान केला तर जीव जाई, तो चेहरा इथे आडवा चिरला गेला. हे बंड नव्हते. ते नाणे चलनातून बाद करून नुसते सोने म्हणून ठेवण्याची ही खूण असावी, असे अभ्यासक मानतात. पण अर्थ साधा आहे : ज्या मुलखात सम्राटाचे सैन्य नाही, तिथे त्याचे देवपणही नाही. देवपण सोन्यात नव्हतेच, ते तलवारीत होते.

तेरच्या मातीत दुसरी गंमत सापडली. तिथे आणि तेलंगणातल्या कोंडापूरला रोमन नाण्याच्या मातीच्या नकला मिळाल्या आहेत. भाजलेल्या मातीची गोल चकती, तिच्यावर टायबेरियससारख्या सम्राटाचा छाप, आणि ओवायला भोक किंवा नाकी. दागिना म्हणून गळ्यात घालायची वस्तू. ज्याला सोने परवडते तो खरे ऑरियस गळ्यात घालणार, ज्याला परवडत नाही तो मातीचे. मातीची चकती गळ्यात बांधणाऱ्या त्या बाईला रोमचा सम्राट कोण हे ठाऊकही नसेल. सोन्याच्या धुराच्या गोष्टीत ही बाई कधी येत नाही. पण तेरमध्ये तिचा दागिना सापडला आहे, आणि तो मातीचा आहे.

पैसा कुठे गेला? त्रिरश्मी लेणीत हिशेब लिहिलेला आहे

या व्यापाराने श्रीमंत झालेल्यांपैकी एक म्हणजे क्षहरात क्षत्रप नहपान. त्याचा जावई उषवदात. नाशिकच्या त्रिरश्मी बुद्ध लेणीत, ज्यांना पांडवलेणी असे चुकीचे नाव चिकटवले गेले आहे, लेणे क्रमांक १० मध्ये त्याचे शिलालेख आहेत. आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याने ते एकदा वाचावेत, कारण त्यात चक्क जमाखर्च आहे.

उषवदाताने हे लेणे चारी दिशांच्या भिक्खू संघाला दान दिले. सोबत ३,००० कार्षापण कायमची ठेव म्हणून गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा १, आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण व्याज. २,००० चे वर्षाचे व्याज होते २४०, आणि त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी. गणित बरोबर जुळते. लक्षात घ्या, हा पैसा कोणा सावकाराकडे ठेवला नाही, विणकरांच्या संघटनेकडे ठेवला. ज्यांना मनुस्मृतीच्या चौकटीत नंतर खालच्या पायरीवर ढकलले गेले, ते कारागीर त्या काळी राजघराण्याची ठेव सांभाळणारी बँक होते. याशिवाय ४,००० कार्षापणांना एका ब्राह्मणाकडून विकत घेतलेले शेत भिक्खूंच्या अन्नासाठी दिले.

आता त्याच लेण्यातला उरलेला हिशेब वाचा. देव आणि ब्राह्मण यांना ७०,००० कार्षापण, म्हणजे एका सुवर्णाला ३५ कार्षापण या दराने २,००० सुवर्ण नाण्यांचे मोल. तीन लाख गायी. सोळा गावे. वर्षभर एक लाख ब्राह्मणांना भोजन. प्रभासतीर्थावर आठ ब्राह्मणांना लग्नासाठी कन्या. संघाकडे गेलेली रोकड आणि शेताची किंमत मिळून ७,०००. ब्राह्मणांकडे आणि देवांकडे त्याच्या दहापट, गायी आणि गावे वेगळी. आणि 'कन्यादान' या शब्दात त्या आठ मुलींची इच्छा कुठे आहे, ती कोणाच्या घरच्या होत्या, हे विचारायलाही कोणी नाही. दानाच्या यादीत त्या गायींच्या शेजारी बसल्या आहेत.

म्हणून दोन्ही बाजूंना सांगितले पाहिजे. 'तो वैदिक वैभवाचा सुवर्णकाळ होता' म्हणणाऱ्यांनी हे लेणे बौद्ध भिक्खूंसाठी कोरले आहे हे विसरू नये. आणि आपल्यातल्या काहींना वाटते की तो सगळा काळ बौद्ध होता आणि म्हणून समतेचा होता, त्यांनी हा दहापटीचा हिशेब विसरू नये. बुद्धाचा धम्म समतेचा होता. राजांची तिजोरी तशी नव्हती.

पुढे सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पाडाव केला. १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाणी, आणि त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. नहपानाच्या नाण्यावर रोमन-ग्रीक धाटणीचा राजाचा चेहरा होता. त्यावर चैत्याकृती डोंगर आणि उज्जैन चिन्ह बसले. बार कोखबाने केले तेच, पण मोठा फरक आहे. बार कोखबाचा ठसा गुलामीविरुद्ध होता. गौतमीपुत्राचा ठसा एका राजाने दुसऱ्या राजाचा पुसलेला चेहरा होता.

तो कोणत्या विचाराचा राजा होता? त्याच त्रिरश्मी लेणीत त्याची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. पुळुमावीच्या राज्याच्या १९ व्या वर्षी लेणे बौद्ध भिक्खूंना दान देताना ती आपल्या मुलाची स्तुती करते, आणि त्या स्तुतीत तो अद्वितीय ब्राह्मण होता आणि त्याने चार वर्णांचा संकर थांबवला, असे अभिमानाने कोरलेले आहे. संकर थांबवला याचा अर्थ संकर होत होता! व्यापार, श्रेणी, परदेशी माणसे, धम्म यांमुळे वर्णाच्या भिंती ढासळत होत्या, आणि राज्यसत्ता त्या पुन्हा उभारायला निघाली होती. दान भिक्खूंना आणि धोरण चातुर्वर्ण्याचे. जयंतीला हार आणि वर्षभर शिष्यवृत्ती रोखून धरणारे सरकार, याचा हा जुना अवतार आहे.

चेहऱ्याविना नावे

मग आपला इतिहास कुठे आहे? तो सोन्याच्या नाण्यावर नाही, लेण्यांच्या भिंतींवर आहे. कार्ल्याच्या चैत्यात धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, त्याने दाराचे काम केले. तिथेच सुगंधी द्रव्ये विकणाऱ्या सिंहदत्ताचे दान आहे. कुड्याच्या लेण्यांत माळी आहे, लोखंडाचा व्यापारी आहे. जुन्नरला धान्य विकणाऱ्यांची, बांबूकाम करणाऱ्यांची, कासारांची श्रेणी आहे. तिथेच इरिल, चिट, चंद नावाचे यवन म्हणजे परदेशी आहेत. एकाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या, एकाने भोजनमंडप. ज्या व्यापारातून सम्राटाचे सोने आले, त्याच वाटेवरचे हे लोक. त्यांनी आपला चेहरा कोरला नाही, आपले पाणी आणि आपला मंडप दिला.

आपल्या विदर्भातही हेच. भंडारा जिल्ह्यात पवनी येथे १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने उत्खनन केले आणि स्तूप उघडे पडले. तिथल्या दगडी कठड्यांवर उपासक-उपासिकांची, भिक्खू-भिक्खुणींची नावे आहेत. बाईचे नाव, तिचे स्वतःचे दान. जिथे रोमन नाण्यावर जिंकलेल्या देशाची बाई जमिनीवर बसून रडते, त्याच शतकांच्या आसपास पवनीच्या दगडावर बाई दाता म्हणून उभी आहे. सुवर्णकाळ शोधायचाच असेल तर तो या ओळीत शोधा.

नाण्यावर बुद्ध, आणि नाण्यावर अश्वमेध

कुषाण राजांनी रोमन ऑरियसच्या जोडीचे सोन्याचे नाणे पाडले. कनिष्काच्या काही मोजक्या सोन्याच्या नाण्यांवर तथागतांची उभी मूर्ती आहे आणि बाजूला बाख्त्री भाषेत 'बोद्दो' असे नाव. आज अफगाणिस्तानात असलेल्या अहिन पोश येथील स्तूपात असे नाणे कुषाण नाण्यांच्या जोडीला मिळाले, आणि त्याच ठेवीत डोमिशियन, ट्राजन आणि सबिना यांची रोमन सोन्याची नाणीही होती. देवाचे पुत्र म्हणवणारे सम्राट बुद्धधातूच्या पायाशी ठेव म्हणून पडले!

तरी इथेही डोळे उघडे ठेवावेत. कुषाण राजे स्वतःला 'देवपुत्र' म्हणवत. पुढच्या एका कनिष्काच्या आरा येथील लेखात तर बहुतेक अभ्यासक 'कैसर' अशी पदवी वाचतात. सीझरचा रोग इथपर्यंत आला होता. नाण्याच्या एका बाजूला बुद्ध असला म्हणून दुसऱ्या बाजूचा राजा बुद्धाचा होत नाही.

गुप्त राजांनी सोन्याचे नाणे पुढे नेले. 'दीनार' हे नावही रोमन डिनॅरियसवरून आलेले. समुद्रगुप्त आणि कुमारगुप्त यांच्या नाण्यांवर यज्ञस्तंभापुढे उभा अश्वमेधाचा घोडा आहे. ज्या यज्ञाला बुद्धाने नाकारले, तो सोन्यावर चढला. पाठ्यपुस्तके याला सुवर्णयुग म्हणतात. कोणासाठी सुवर्ण, हा प्रश्न मात्र त्या पुस्तकांत नसतो.

आणि आता अशोक आठवा. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा राजा, पण त्या काळच्या चांदीच्या आहत नाण्यांवर ना राजाचा चेहरा आहे, ना नाव. सूर्य, चंद्रकोरीचा डोंगर, झाड, अशी चिन्हे आहेत. अशोकाने आपले म्हणणे खडकांवर आणि स्तंभांवर लिहिले, लोकांच्या भाषेत. स्वतःला देवाचा मुलगा म्हटले नाही, आणि कलिंग जिंकल्याची फुशारकी न मारता त्याबद्दल पश्चात्ताप कोरला. रोमच्या रडणाऱ्या बाईपुढे कलिंगचा हा पश्चात्ताप ठेवा, मग कोणते साम्राज्य मोठे ते कळेल.

कैसर-ए-हिंद ते चार सिंह

सीझरचे नाव भारतात अगदी काल-परवापर्यंत होते. १ जानेवारी १८७७ च्या दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया 'कैसर-ए-हिंद' झाली. कैसर म्हणजे सीझरच. त्यानंतर आपल्या आजोबा-पणजोबांच्या हातातल्या रुपयावर इंग्लंडच्या राजाराणीचा चेहरा राहिला. १९४७ नंतरही तीन वर्षे तो चालूच होता. २६ जानेवारी १९५० ला संविधान लागू झाले आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला नवी नाणी आली. राजाचा चेहरा गेला, सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आले. रुपयावरचा वाघ गेला आणि धान्याचे कणीस आले. ज्या सारनाथला बुद्धाने पहिले धम्मचक्र फिरवले, तिथली मुद्रा. प्रजासत्ताकाच्या त्या नव्या नाण्यांवर कोणताही राज्यकर्ता नव्हता, ही केवळ सजावट नाही. ज्याला बाबासाहेबांनी 'एक माणूस, एक मूल्य' म्हटले, त्याचेच हे धातूतले रूप आहे.

बाबासाहेबांनी स्वतः नाण्याकडे कसे पाहिले? १९१५ मध्ये कोलंबियात त्यांनी प्राचीन भारतीय व्यापारावर प्रबंध लिहिला. १९२३ मध्ये लंडनमध्ये 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' प्रसिद्ध झाला. १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. रुपयावर कोणाचे तोंड आहे याची त्यांना पर्वा नव्हती. रुपयाची किंमत घसरली तर कोणाचे पोट मारले जाते, हा त्यांचा प्रश्न होता. भाव आधी चढतात, मजुरी मागे राहते, आणि मालकाचा फायदा हा मजुराच्या तोट्यातून निघतो, हे त्यांनी दाखवून दिले. नाण्याच्या दर्शनी बाजूवरून नजर काढून ती मजुराच्या थैलीकडे वळवणारा हा अर्थतज्ज्ञ होता.

पुढे सरकारने बाबासाहेबांचाच चेहरा नाण्यावर आणला. १९९० मध्ये जन्मशताब्दीचा रुपया, ६ डिसेंबर २०१५ ला १२५ रुपयांचे आणि १० रुपयांचे नाणे. आपल्याला आनंद झाला, तो रास्त होता. ज्याच्या समाजाला हातावर पैसे ठेवताना लांबून टाकले जात होते, त्याचा चेहरा देशाच्या नाण्यावर आला. पण हे नाणे आपण जपून ठेवावे आणि त्याच वेळी त्यालाही तेच तीन प्रश्न विचारावेत. टांकसाळ कोणाची? चेहरा देताना काय काढून घेतले? आरक्षणाच्या जागा, शिष्यवृत्त्या, कंत्राटी सफाई कामगारांची मजुरी, यांचा हिशेब कुठे आहे? २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातली भक्ती, व्यक्तिपूजा ही अधःपतनाची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. रोमने नेमके तेच केले. आधी माणसाला देव केले, मग देवाच्या नावाने प्रजासत्ताक गिळले. आपण बाबासाहेबांना देव करू नये, कारण देवाला फक्त नमस्कार करावा लागतो. गुरूचे पुस्तक वाचावे लागते.

तरुणांनो, पुढच्या वेळी कोणी रोमन सोन्याचा फोटो पाठवून विश्वगुरूपणाची आरती म्हणू लागला, तर भांडू नका. त्याला तेरच्या मातीच्या नाण्याबद्दल विचारा. उषवदाताच्या ७०,००० आणि ७,००० बद्दल विचारा. स्पेनच्या खाणीत गाडल्या गेलेल्यांबद्दल विचारा. काटोलहून नागपूर गाठणे अवघड नाही. तिथले मध्यवर्ती संग्रहालय पाहा, पवनीचे स्तूप पाहा, जमेल तेव्हा त्रिरश्मी लेणीत जाऊन लेणे क्रमांक १० समोर उभे राहा. राजाने नाण्यावर काय लिहिले ते वाचा, पण सामी सुताराने दगडावर काय लिहिले ते आधी वाचा. आपली वंशावळ तिथे आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!